इन्फ्रारेड शीट फिल्मवर पऱ्हाटीचं वावर

तुम्ही विचारलंय की जुन्या ४ बाय ५ इंची कॅमेऱ्यासाठी ब्लॅक अँड व्हाइट इन्फ्रारेड (डोळ्याला न दिसणारा, लालच्या पलीकडचा प्रकाश पकडणारी) शीट फिल्म, म्हणजे सुट्या पानांची फिल्म, आणली आहे, तर फिल्टर कोणता लावायचा, एक्स्पोजर किती द्यायचं, आणि यवतमाळकडच्या खेड्यात ती घरी धुता येईल का.

येईल. मी वर्धा जिल्ह्यातल्या गावात न्हाणीतच धुतो. तुमचं पाकीट रोलाय इन्फ्रारेड ४०० चं आहे असं धरून सांगतो.

ही फिल्म साधारण ८२० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश पकडते. ७२० च्या आसपास सुरू होणारा फिल्टर, म्हणजे होया आर७२ किंवा रॅटन ८९बी, हाच घ्या. लाल २५ नंबरच्या फिल्टरमधून दृश्य लाल प्रकाश इतका येतो की झाडं पांढरी होतच नाहीत. ८५० चा फिल्टर लावलात तर फिल्मला दिसण्यासारखं काही उरत नाही. जुन्या कोडॅक एचआयई फिल्मवर उजळ भागांभोवती जे धुकट तेज यायचं, तेही इथे शोधू नका. त्या फिल्मला मागे प्रकाश परतवू न देणारा थर नव्हता, म्हणून ते यायचं. २००७ मध्ये ती बंद झाली.

मीटरला इन्फ्रारेड नीट कळत नाही, म्हणून फिल्टरमधून मोजू नका. फिल्टर काढून, मीटरवर फिल्मची गती (आयएसओ) ६ ते १२ धरून मोजा. त्यापुढचं तुमच्या उन्हावर ठरेल, आणि ते एकाच शीटवर तपासता येतं. कडक ऊन, एफ २२. होल्डरची (शीट ठेवायच्या चौकटीची) स्लाइड, म्हणजे शीट झाकणारी सरकती पट्टी, पूर्ण काढून १/८ सेकंद द्या. मग स्लाइड पाव भाग आत सरकवून पुन्हा १/८, अर्धी सरकवून १/४, पाऊण सरकवून १/२. शीटवर १/८, १/४, १/२ आणि १ सेकंदाचे चार पट्टे मिळतात. शीट महाग आहे, पण ही एक खर्च केलीत तर बाकीचं पाकीट वाया जात नाही.

फोकस फिल्टर लावण्याआधीच करा, नंतर कॅमेऱ्यामागच्या दुधी काचेवर काही दिसत नाही. इन्फ्रारेडची प्रतिमा जरा मागे पडते, म्हणून लेन्स फोकल लांबीच्या पाव टक्का पुढे घ्यायची. १५० मिलिमीटरच्या लेन्सला हे जेमतेम ०.४ मिलिमीटर होतं. एफ २२ वर ते बरंचसं झाकलं जातं. होल्डर आणि भाता (कॅमेऱ्याचा घडीचा भाग) मात्र आधी तपासा. काही प्लास्टिकच्या स्लाइडमधून इन्फ्रारेड आरपार जातो, म्हणून होल्डर उन्हात उघडा ठेवू नका.

आता माझ्या जिव्हाळ्याचा मुद्दा. आपल्याकडे या फिल्मचा खरा हंगाम पाऊस उघडल्यावरचा, ऑक्टोबरच्या आगेमागे. पानाच्या आत पेशी आणि हवेच्या पोकळ्या असतात, त्यांच्यात इन्फ्रारेड सगळीकडे विखुरतो आणि हिरवं पान पांढरंशुभ्र येतं. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९१० मध्ये असे फोटो प्रसिद्ध केले, त्यांच्याच नावाने याला वुड इफेक्ट म्हणतात. काळी माती मात्र इन्फ्रारेडमध्येही काळीच राहते. म्हणून भरात आलेली पऱ्हाटी (कपाशी), तिच्या तासांमधली काळी जमीन आणि वर धुतलेलं आभाळ, असं चित्र आपल्या वावरात जमतं तसं मला दुसरीकडे दिसलेलं नाही. बांधावरचा आंबा किंवा वरुड-काटोलकडची संत्र्याची बाग बारमाही हिरवी, तिथे हिवाळाभर काम चालतं. सागाचं पान गळायला लागलं की तो भाग सोडून द्या. मे महिन्यात तर नकोच. इन्फ्रारेड पातळ धूसरपणा भेदतो हे खरं, पण उन्हाळ्यातल्या धुळीचे कण मोठे असतात, तिथे त्याचा फारसा उपयोग होत नाही. ढगाळ दिवशीही फोटो फिका येतो.

धुताना संपूर्ण अंधार हवा. सेफलाइट (डार्करूमचा लाल दिवा) नको, इन्व्हर्टरचा दिवा झाका, मोबाइल बाहेर ठेवा. शीट उभी धरून तिच्या कडेची खाच वरच्या उजव्या कोपऱ्यात आली की रसायनाचा थर तुमच्याकडे असतो. सुरुवातीला ट्रेमध्ये एका वेळी एकच शीट घ्या, दोन घेतल्या की एकमेकींवर ओरखडे पडतात. डेव्हलपर डी-७६ पुरेसा आहे.

आपली अडचण तापमानाची आहे. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं, आणि तेवढ्या गरम पाण्यात फिल्मवरच्या थराचं जिलेटिन मऊ पडतं. बर्फ घातलेल्या परातीत ट्रे ठेवा आणि डेव्हलपर, स्टॉप, फिक्सर, धुण्याचं पाणी हे सगळं एकाच तापमानाला आणा. २० अंश जमलं नाही तर २४ ला धुवा. २० अंशांना १० मिनिटं लागत असतील तर २४ ला सुमारे ७ पुरतात. वेळ ५ मिनिटांखाली जात असेल तर डेव्हलपर पातळ करा, नाहीतर आभाळात डाग उमटतात.

बोअरच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके टाळायला शेवटची बुचकळी बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्यात द्या, आणि शीट कोपऱ्याला चिमटा लावून पंखा बंद असलेल्या खोलीत वाळवा.