जुन्या लॅपटॉपचे वायफाय : कार्ड कोणते घ्यावे?

प्रश्न : माझा लॅपटॉप 2013 सालचा, तिसऱ्या पिढीच्या आय5 प्रोसेसरचा आहे. एसएसडी बसवल्यापासून उत्तम चालतो. घरी 100 एमबीपीएसचे फायबर कनेक्शन आहे. राउटरशेजारी मोबाइलवर 90 च्या पुढे वेग मिळतो, लॅपटॉपवर मात्र 30-35. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'अ‍ॅथेरॉस एआर9485' दिसते. दुकानदार एएक्स210 कार्ड सुचवतो. घ्यावे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : एएक्स210 घेऊ नका. कार्ड चांगलेच आहे, पण ते एम.2 स्लॉटचे, म्हणजे नव्या लॅपटॉपमधल्या कार्डाच्या खाचेचे. तुमच्या काळातल्या लॅपटॉपमध्ये बहुधा अर्ध्या लांबीचा मिनी पीसीआयई हा जुन्या पद्धतीचा स्लॉट असतो. त्यातले कार्ड साधारण 30 बाय 27 मिलिमीटरचे. शिवाय एम.2 कार्डावरची अँटेनाची बटणे बारीक असतात, जुन्या वायरी त्यावर बसत नाहीत.

एआर9485 फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर आणि एकाच अँटेनावर चालते. 20 मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर त्याचा जोडणीचा वेग जास्तीत जास्त 72 एमबीपीएस. प्रत्यक्ष हातात निम्मा पडतो. तुमचे 30-35 तिथूनच आले.

तुमच्यासाठी इंटेलचे 'ड्युअल बँड वायरलेस-एसी 7260', एचएमडब्ल्यू प्रकारातले (म्हणजे अर्ध्या मिनी पीसीआयई स्लॉटचे), योग्य. नाव नीट वाचून घ्या : 'वायरलेस-एन 7260' नावाचेही कार्ड मिळते, ते 5 गिगाहर्ट्झ पकडतच नाही, आणि एनजीडब्ल्यू लिहिलेले असेल तर ते एम.2 चे.

पैसे देण्याआधी मागचे झाकण उघडून कार्डाला अँटेनाच्या किती वायरी आहेत ते मोजा. एकच असेल तर दोन वायरींवर मिळणाऱ्या 867 ऐवजी 433 एमबीपीएसची जोडणी मिळेल. 100 च्या कनेक्शनला तीही भरपूर झाली. दुसरी अँटेना ओढत बसू नका. दुसरी अडचण बायोसची, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची. काही कंपन्यांनी ठरावीक कार्डांचीच यादी बायोसमध्ये घालून ठेवली आहे. थिंकपॅड टी430 किंवा एक्स230 मध्ये यादीबाहेरचे कार्ड लावले, की सुरू होतानाच 1802 क्रमांकाची चूक दाखवून मशीन थांबते. आपल्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मान्य कार्डे पाहून घ्या. बायोस बदलून देणारे भेटतील, पण त्यात काही बिघडले तर मदरबोर्डच जातो. अशा मशीनला 5 गिगाहर्ट्झचा यूएसबी डोंगल बरा.

इंटेलचा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवा. कार्ड बदलल्यावर नेट नसेल तर तो आणणार कुठून? मग लॅपटॉप बंद करून चार्जर आणि बॅटरी काढा, पॉवरचे बटण 15 सेकंद दाबून धरा. वायरींचा फोटो घ्या. वायर ओढू नका. तिच्या टोकाच्या धातूच्या टोपीखाली नख घालून सरळ वर उचला. ही टोपी जेमतेम तीसेक वेळा काढघाल करण्यासाठी बनवलेली असते. स्क्रू काढल्यावर कार्ड आपणहून तिरके वर येते. नवे त्याच तिरक्या कोनात सरकवून खाली दाबा व स्क्रू लावा. टोपी बटणावर बरोबर मध्ये धरून दाबली की 'टिक्' जाणवते. नाही जाणवली तर ती बसलेली नाही. वायफाय दिसेल, पण शेजारच्या खोलीत गेलात की तुटेल.

कार्ड ओळखले जाते पण त्याचा वायफाय रेडिओ बंदच राहतो, असे झाल्यास आधी लॅपटॉपच्या कडेचा वायरलेस स्विच आणि बायोसमधली सेटिंग तपासा. तरीही नाही चालले, तर कार्डाच्या 20 व्या पिनवर कॅप्टॉन टेपची (वीज न वाहणाऱ्या टेपची) बारीक पट्टी लावतात. रेडिओ बंद करण्याचा संदेश त्याच पिनवरून येतो.

राउटर 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ अशा दोन्ही बँडचा आहे ना, हे पाहून जोडताना 5 गिगाहर्ट्झचे नाव निवडा. दोन भिंतींपलीकडच्या खोलीत मात्र 2.4 च जास्त टिकेल.