गळा दाबला पण वळ उठला नाही, म्हणजे काही झालं नाही का?

प्रश्न : डॉक्टर, माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न होऊन तीन वर्षं झाली, ती आता चार महिन्यांची गरोदर आहे. नवरा अधूनमधून हात उचलतो. मागच्या आठवड्यात भांडणात त्याने तिचा गळा दाबला, तेव्हापासून तिचा आवाज बसलाय, डोकं दुखतं, गिळताना त्रास होतो. गावातल्या डॉक्टरांनी घशाच्या गोळ्या दिल्या, कारण तिने त्यांना खरं सांगितलंच नाही. आई म्हणते संसारात भांड्याला भांडं लागतंच, बाळ झालं की सुधारेल. मानेवर वळ वगैरे काही नाहीये. काळजी करण्यासारखं आहे का? – एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, हो, काळजी करण्यासारखंच आहे, आणि हे वाचून झालं की आधी तिला मोठ्या हॉस्पिटलात न्यायची सोय करा, जिल्हा रुग्णालयात नेलं तरी चालेल.

वळ नाही याचा काहीच भरवसा नसतो. गळा दाबलेल्या जवळपास निम्म्या बायकांच्या मानेवर बाहेरून काही दिसत नाही, पण आत स्वरयंत्राला सूज येते, मेंदूला रक्त नेणाऱ्या धमनीचं आतलं अस्तर फाटू शकतं, तिथे गुठळी धरते आणि मग काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीसुद्धा, तरण्याताठ्या बाईला अर्धांगवायूचा झटका येतो आणि घरात कोणाला कळत नाही की हे कशाने झालं. बसलेला आवाज, गिळताना त्रास, डोकेदुखी ही सगळी त्याच दिशेची लक्षणं आहेत. त्या वेळी डोळ्यांपुढे अंधारी आली होती का, कपड्यात लघवी झाली होती का, डोळ्यांत लाल ठिपके दिसले होते का, हेही तिला विचारा. लाजेने बायका हे आपणहून सांगत नाहीत. तिथल्या डॉक्टरांना "गळा दाबला होता" असं स्पष्ट शब्दांत सांगायचं, घसा दुखतोय एवढंच सांगितलं तर पुन्हा गोळ्याच मिळतील. केसपेपरवर कोणी, कधी, काय केलं ते लिहून घ्या, पुढे कोर्टात तोच कागद कामाला येतो.

तपासणीच्या वेळी नवरा किंवा सासू खोलीत नको. डॉक्टरने बाईला एकटीला विचारलं की ती बोलते, हे आम्ही रोज बघतो. मुंबईत वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलात महापालिका आणि सेहत संस्थेने मिळून सुरू केलेलं दिलासा केंद्र याच विचारावर उभं आहे, हॉस्पिटलातच समुपदेशन, म्हणजे बाईला पोलीस स्टेशनची पायरी चढण्याआधीच कोणीतरी ऐकून घेतं. माझ्या मते हे प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयात हवं, मारहाण वाढत जाण्याआधी थांबवायची ती सगळ्यात सोपी जागा आहे.

पोटातल्या बाळाचं म्हणाल तर मारहाण होणाऱ्या बाईचं बाळ कमी वजनाचं किंवा अपुऱ्या दिवसांचं होण्याचा धोका वाढतो, पोटावर मार बसला तर गर्भाशयाला चिकटलेली वार (प्लासेंटा) सुटून रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून पोटाला लागलं असेल तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी दाखवायचं.

आता आईंचं. बाळ झालं की सुधारेल ही आशा मी समजू शकते, पण एकदा गळ्यापर्यंत हात गेला की गोष्ट वेगळी होते. अमेरिकेतल्या एका अभ्यासात असं दिसलं की ज्या बाईचा जोडीदाराने आधी गळा दाबलाय तिचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याचा धोका सात पटीहून जास्त असतो. आईंना हे वाक्य वाचून दाखवा. आणि तुमची बहीण एकटी नाही, 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या साधारण दर चौघींपैकी एकीने नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलंय.

"आत्ताच्या आत्ता सोडून ये" असा घोशा मात्र लावू नका, कारण बाई निघते ती वेळ सगळ्यात धोक्याची असते, तयारी करून निघायला हवं. आधार कार्ड, पासबुक, गरोदरपणाची फाईल, थोडे पैसे भरवशाच्या शेजारणीकडे ठेवायला सांगा. 181 या महिला हेल्पलाइनवर फोन केला की सखी केंद्राची, म्हणजे हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठीच्या सरकारी मदत केंद्राची, माहिती मिळते, जीवावर बेतलं तर पोलिसांच्या मदतीसाठी सरळ 112. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, त्यासाठी आधी घटस्फोट घ्यावा लागत नाही, आणि त्या घरात राहायचा हक्कही तिला कायदा देतो. तो तिचा मोबाईल बघत असेल तर यातलं काही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, समोर बसूनच बोला.