कॉन्टॅक्टरला ‘पॅनेलचा सुटा भाग’ म्हणता येईल का?

प्रश्न : आमचा कंट्रोल पॅनेल बनवण्याचा छोटा कारखाना आहे. तीन-चार वर्षांपासून आम्ही परदेशातून कॉन्टॅक्टर (कॉइलने चालणारा विद्युत स्विच), ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट ब्लॉक, टर्मिनल ब्लॉक (तारा जोडायचे ठोकळे), स्पेअर कॉन्टॅक्ट किट आणि रिकामी कॅबिनेट मागवतो. सगळे आमच्याच पॅनेलमध्ये बसते म्हणून कस्टम्स ब्रोकरने पहिल्यापासून सगळा माल कस्टम्स टॅरिफच्या (आयात मालाच्या दरसूचीच्या) ८५३८ या शीर्षकाखाली, पॅनेलचे सुटे भाग म्हणून दाखवला. या वेळी माल बंदरावर अडला आहे. अधिकारी म्हणतात, हा माल ८५३६ चा आहे, ड्युटीचा फरक भरा. शिवाय आयएसआय मार्क कुठे आहे, असेही विचारतात. मागची सगळी बिले (बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातीची घोषणापत्रे) उघडू, असे तोंडी सांगितले आहे. ब्रोकर म्हणतो, मान्य आहे असे लिहून द्या आणि माल सोडवा. डिमरेज (माल बंदरात पडून राहिल्याचे भाडे) रोज चढते आहे. सही करू का? आणि ८५३८ टिकवून धरले तर आयएसआयची कटकट टळेल का?

उत्तर : सरसकट ‘मान्य’ असे लिहून देऊ नका. पण सगळेच अमान्य करून भांडायलाही बसू नका, कारण निम्म्याहून अधिक मालाच्या बाबतीत अधिकाऱ्यांचे बरोबर आहे.

‘आमच्या पॅनेलमध्ये बसतो म्हणून पॅनेलचा भाग’ हे व्यवहारात पटते, टॅरिफमध्ये पटत नाही. विभाग १६ ची टीप २ आधी वाचा. तिचा पहिला नियम असा की, जी वस्तू स्वतःच प्रकरण ८४ किंवा ८५ मधल्या एखाद्या शीर्षकात नावानिशी बसते, ती कुठल्याही यंत्रात बसवली तरी आपल्याच शीर्षकात राहते. विशिष्ट यंत्रासाठीच बनवलेला भाग म्हणून ८५३८ कडे वळायचे ते त्यानंतर. १००० व्होल्टपर्यंतची सर्किट जोडणारी, तोडणारी किंवा त्यांचे संरक्षण करणारी उपकरणे ८५३६ मध्ये येतात, त्यावरची ८५३५ मध्ये. तुमचा कॉन्टॅक्टर ४१५ व्होल्टचे सर्किट जोडतो-तोडतो, म्हणजे तो पूर्ण उपकरण आहे. या शीर्षकाच्या आंतरराष्ट्रीय स्पष्टीकरण टिपा कॉन्टॅक्टरला रिलेच्या, म्हणजे ८५३६ मधल्याच, घरात बसवतात. टर्मिनल ब्लॉक ८५३६ ९० मध्ये जातो. ऑक्झिलरी ब्लॉक कॉन्टॅक्टरच्या डोक्यावर क्लिप होतो, म्हणून तो ‘भाग’ वाटतो. पण त्याला स्वतःचे कॉन्टॅक्ट आहेत आणि तो स्वतःचे वेगळे सर्किट उघडतो-मिटवतो, त्यामुळे त्याचाही कल ८५३६ कडेच आहे. इथे युक्तिवाद करता येईल, पण त्यावर वकिलाची फी घालवावी असे मला वाटत नाही.

तुमची बाजू खरोखर भक्कम आहे ती उरलेल्या दोन वस्तूंत. स्पेअर किटमधले फिक्स्ड आणि मूव्हिंग कॉन्टॅक्ट म्हणजे नुसते धातूचे तुकडे. कॉन्टॅक्टरच्या बाहेर ते काहीच करत नाहीत, म्हणून ते ८५३८ चेच. रिकामी कॅबिनेट, आत एकही उपकरण बसवलेले नसेल तर, ८५३८ १० मध्ये नावानिशी आहेत. मात्र आत दोन किंवा अधिक उपकरणे बसवून आली तर तो पॅनेल ठरतो आणि ८५३७ मध्ये जातो. म्हणून उत्तर देताना बिल ऑफ एन्ट्रीची एकेक ओळ घ्या : ही मान्य, ही अमान्य, कारण हे. सोबत कॅटलॉगची पाने, नामपट्टीचे फोटो आणि उत्पादकाचे तांत्रिक पत्र जोडा.

त्या ‘मान्य’ शब्दाची किंमत अशी. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम १७(४) खाली अधिकारी तुमचे असेसमेंट (ड्युटीची आकारणी) बदलतात तेव्हा कलम १७(५) नुसार त्यांनी १५ दिवसांत कारणे देणारा आदेश काढायचा असतो. आयातदाराने बदल लेखी मान्य केला की हे बंधन संपते. मग किट आणि कॅबिनेटवर अपिलात जायचे म्हटले तर तुमचीच सही तुमच्यासमोर धरली जाते. आदेश हातात असेल तर आयुक्त (अपील) यांच्याकडे ६० दिवसांत जाता येते. वादातल्या ड्युटीच्या साडेसात टक्के आधी भरावे लागतात. माल सोडवण्यासाठी फरक आत्ता भरायचाच असेल तर ‘हरकत राखून’ असे लेखी पत्र देऊन भरा.

आता रकमेचा अंदाज घ्या. समजा दोन शीर्षकांच्या मूळ दरात अडीच टक्क्यांचा फरक निघाला. (तुमच्या तारखेचा दर ब्रोकरकडून अधिसूचनेसह लेखी घ्या, ‘साधारण इतका’ चालणार नाही.) १० लाखांच्या मालावर मूळ ड्युटी २५,००० रुपयांनी वाढते, समाज कल्याण अधिभार त्यावर १० टक्के म्हणजे २,५००, आणि या २७,५०० वर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) म्हणजे ४,९५०. आयजीएसटीचे क्रेडिट मिळते, म्हणजे खिशातून खरे जाणार ते २७,५००. ज्या कंटेनरवर दिवसाला काही हजार डिमरेज लागते, तिथे एवढ्या रकमेसाठी आठवडा घालवायचा की नाही हा हिशेब तुमचा तुम्ही करा.

जुन्या बिलांची धमकी मात्र नीट समजून घ्या. कलम २८(१) खाली वसुलीची मुदत दोन वर्षांची आहे. पाच वर्षे मागे जायला कलम २८(४) लागते आणि त्यासाठी संगनमत, जाणूनबुजून चुकीचे निवेदन किंवा तथ्ये दडवणे दाखवावे लागते. कोड चुकीचा पडणे म्हणजे आपोआप दडवणे होत नाही. नॉर्दर्न प्लास्टिक्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये असे म्हटले आहे की, मालाचे वर्णन बरोबर असेल तर कुठले वर्गीकरण किंवा सवलत लागू होते हा आयातदाराच्या समजुतीचा प्रश्न आहे, ते खोटे निवेदन नव्हे. तुम्ही पाठवलेल्या कागदांत जुन्या बिलांवर ‘कॉन्टॅक्टर’ हा शब्द, मॉडेल आणि कॉइलचे व्होल्टेज आहे. ते तुमचे चिलखत आहे. अडचण शेवटच्या दोन बिलांची. तिथे ब्रोकरने वर्णन आखडून फक्त ‘पॅनेलचे सुटे भाग’ लिहिले आहे, आणि इन्व्हॉइसवर मात्र पूर्ण मॉडेल. ही ओळ अधिकारी लाल शाईने अधोरेखित करणार. नशिबाने ती दोन्ही बिले दोन वर्षांच्या आतली आहेत. त्यांच्यावरचा कॉन्टॅक्टर, टर्मिनल ब्लॉक आणि ऑक्झिलरी ब्लॉकचा फरक व्याजासह, व्याज सध्या वर्षाला १५ टक्के, नोटीस येण्याआधी स्वतः भरून लेखी कळवा. कलम २८(२) प्रमाणे मग त्या रकमेची नोटीस निघत नाही आणि दंडही लागत नाही. हेतूचा आरोप चिकटवण्याची संधीही आकसते. उलट २८(४) ची नोटीस आलीच, तर ३० दिवसांत ड्युटी, व्याज आणि ड्युटीच्या १५ टक्के दंड भरून ती मिटवता येते. पण वर्णन पूर्ण असलेल्या जुन्या बिलांसाठी ती वाट धरू नका, तिथे लढा. तोंडी धमकीला तोंडी उत्तर तर मुळीच देऊ नका.

आयएसआयचा प्रश्न ड्युटीपेक्षा जड आहे. ड्युटीचा वाद पैशात मिटतो. मार्क नसलेला माल अडकला तर पैसे मोजूनही बाहेर येईलच असे नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. गुणवत्ता नियंत्रण आदेश (आयएसआय मार्क सक्तीचा करणारा सरकारी आदेश) वस्तू आणि तिचे मानक पाहून लागू होतो, तुम्ही लिहिलेल्या कोडवरून नाही. कॉन्टॅक्टर आयएस/आयईसी ६०९४७ मालिकेतल्या मानकाखाली येतो. या मालिकेवरच्या आदेशांच्या अंमलाच्या तारखा वेळोवेळी पुढे गेल्या आहेत, म्हणून तुमच्या मालाच्या तारखेला काय लागू होते ते आधी पाहा. लागू असेल तर भारतीय मानक ब्युरो कायदा, २०१६ च्या कलम १७ खाली मार्कशिवाय आयात करता येत नाही. सीई मार्क (युरोपातले चिन्ह) किंवा परदेशी प्रयोगशाळेचा अहवाल इथे उपयोगाचा नाही. लायसन्स परदेशी उत्पादकाला, त्याच्या त्या कारखान्यासाठी, मिळते. तुम्हाला आयातदार म्हणून ते घेता येत नाही, आणि आलेल्या खोक्यांवर गोदामात स्टिकर लावणे म्हणजे आगीतून फुफाट्यात.

तेव्हा उत्पादकाला आजच विचारा : लायसन्स आहे का, नंबर काय, त्यात हे मॉडेल आणि हा करंट रेटिंगचा गट आहे का. नुसता नंबर पाठवून गप्प बसणारे पुरवठादार पुष्कळ आहेत; नंबर ब्युरोच्या पोर्टलवर तपासा आणि नामपट्टीवर तोच नंबर छापला आहे का ते पाहा. नसेल तर तेवढे कॉन्टॅक्टर परत पाठवण्याची परवानगी मागा. कलम १२५ खाली दंड घेऊन सोडणे हा प्रतिबंधित मालाबाबत अधिकाऱ्यांच्या मर्जीचा भाग आहे, त्यावर विसंबून धंद्याचे गणित मांडू नका. ज्या वस्तूंना मार्क लागत नाही त्या आधी सोडाव्यात, असा वेगळा अर्ज लगेच द्या.

डिमरेजसाठी दोन कागद मागा. कलम ४९ खाली निर्णय होईपर्यंत माल सार्वजनिक गोदामात हलवण्याची परवानगी, आणि माल कस्टम्सने अडवून ठेवल्याचा दाखला. २००९ च्या कार्गो हाताळणी नियमांनुसार कस्टम्सने अडवलेल्या मालावर ताबेदाराने (माल सांभाळणाऱ्या यार्डाने) भाडे किंवा डिमरेज लावायचे नसते. यार्डवाले सहजासहजी ऐकत नाहीत आणि शिपिंग लाइनचे कंटेनर भाडे त्यात येत नाही, पण दाखला नसेल तर बोलणेच सुरू होत नाही.

पुढच्या खेपेत काही नवी वस्तू असेल तर कलम २८एच खाली आगाऊ निर्णय (वर्गीकरण आयातीआधीच ठरवून घेणे) मागता येतो; मुंबई आणि दिल्लीत त्यासाठीचे प्राधिकरण आहे. सध्या अडकलेल्या वस्तूंबाबत हा अर्ज चालणार नाही, कारण तुमचाच तोच प्रश्न अधिकाऱ्यांपुढे प्रलंबित आहे. आणि यापुढे ॲडव्हान्स रक्कम पाठवण्याआधी बिल ऑफ एन्ट्रीचा मसुदा ब्रोकरकडून मागवून घ्या, प्रत्येक ओळीवर मॉडेल, व्होल्टेज आणि उपयोग पूर्ण लिहिलेला.