स्लॅबच्या घराची शाकारणी

"स्वतःचं घर झालं, भाडं थांबलं, तरी पैसा पुरत नाही. घर बांधून चूक केली काय आम्ही?"

हा प्रश्न घेऊन कुणी सरळ माझ्याकडे येत नाही. येतात ते नवरा-बायकोच्या भांडणासाठी. तिसऱ्या-चौथ्या भेटीत भांडणाच्या पोटातून हा प्रश्न बाहेर पडतो. बेळगावात कुटुंब समुपदेशन करताना तो इतक्यांदा ऐकलाय की त्यातलं एक घर इथं सांगते. ओळख पटू नये म्हणून काही खुणा बदलल्या आहेत.

जुलैतली संध्याकाळ होती, पाऊस लागून राहिलेला. दोघं एकाच छत्रीतून आली, पण मध्ये हातभर अंतर ठेवून, त्यामुळे दोघांचाही एकेक खांदा भिजलेला. तो उद्यमबागेत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, एका फौंड्रीत सुपरवायझर, पगार ३२,००० हातात. ती घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. शहरातल्याच शहापुरात दोन खोल्यांत भाड्यानं राहत होती, भाडं ४,५०० रुपये. शहराच्या हद्दीत आलेल्या पण गावपण न सोडलेल्या एका भागात २०१७ मध्ये तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर घर बांधलं. कर्जाचा हप्ता १४,२००. मुलगी आठवीत, आणि त्याची आई सोबत.

बसल्या बसल्या ती म्हणाली, "अक्का, आधी ह्यांना विचारा, हॉलमध्ये सुतळी कशाला बांधलीय."

तो गप्प. मग तिनंच सांगितलं. हॉलच्या स्लॅबमधून तीन वर्षं पाणी ठिबकत होतं. खाली बादली. रात्रभर टप्, टप्. त्या आवाजावरून दोघांचं रोज वाजायचं. शेवटी त्यानं काय करावं? गळतीच्या जागी खिळा मारून सुतळी सोडली, थेट बादलीच्या बुडापर्यंत. थेंब सुतळीवरून घरंगळत खाली येतो. आवाज नाही.

"आवाज बंद केला म्हणजे गळती थांबली काय?" ती म्हणाली.

"मग काय करायचं की? पैसे झाडाला लागालेत काय?" तो म्हणाला.

माझी चूक कबूल करते. सुतळी ऐकल्यावर मला वाटलं, हे तर सगळं समजलंच. न बोलणारा नवरा, टोचणारी बायको, वरवरची शांतता. पुढच्या दोन भेटी मी त्यांना एकमेकांचं ऐकायला शिकवण्यात घालवल्या. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं मध्ये तोंड घालायचं नाही, वगैरे. दोघांनी शहाण्या मुलांसारखं केलं आणि घरी जाऊन पुन्हा भांडली. गळती खरी होती, पैशाची ओढाताण खरी होती, आणि मी मात्र त्यांच्या मनातलं छत शोधत बसले होते.

वाट सापडली ती त्याच्या आईमुळं. चौथ्या भेटीला घरात कुणी नाही म्हणून म्हातारीलाही सोबत आणलं होतं. खानापूर तालुक्यातल्या पश्चिमेकडच्या, भरपूर पावसाच्या गावच्या. कोपऱ्यात बसून सगळं ऐकलं आणि मग म्हणाल्या, "बाई, आमचं घर मातीचं, वर कौलं. दरसाल मिरगाच्या आत कौलं चाळायचीच. वानरं नाचून फोडायची, वासा वाळवीनं खाल्लेला असायचा. चार गडी, दोन दिवस, त्यांचं जेवाण. कौलं आणि रीपांसाठी पैसे ह्याचा बा सुगीतच काढून ठेवायचा. कधी कोण म्हटलं नाही की घर चुकीचं बांधलं म्हणून. ह्यांनी स्लॅब टाकला आणि मिरीग विसरले."

पावसाआधी छप्पर असं नीट करून घेणं म्हणजे शाकारणी. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले, पण तो खर्चाच्या रकान्यातला शब्द आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. कौलारू घराला देखभाल लागते हे घरातल्या पोरालाही ठाऊक होतं. ती वर्षाच्या चक्रात होती, पेरणीसारखी. सिमेंट आलं तेव्हा लोकांनी ते "एकदाचं काम" म्हणून घेतलं. आमच्या ह्या गृहस्थानं तर वास्तुशांतीला पंगतीत उभं राहून सांगितलं होतं, "आता कुणाला एक रुपया भाडं द्यायचं नाही." त्यामुळे पुढं घरावर खर्च करायची वेळ आली की दर वेळी त्याला आपण खोटे पडलो असं वाटायचं. आणि बायकोनं "गळालंय" म्हटलं की त्याला ऐकू यायचं, "तू नीट बांधलं नाहीस."

पुढच्या वेळी मी त्यांना मन मोकळं करायला सांगितलं नाही. म्हटलं, घर बांधल्यापासून घरानं काय काय खाल्लं ते लिहून आणा. हप्ता सोडून.

दिनदर्शिकेच्या एका जुन्या पानाच्या पाठीवर लिहून आणलं होतं, अक्षर मुलीचं. मोटार दोनदा रिवाइंडिंग, ६,०००. सेप्टिक टँक दोनदा उपसली, ५,०००. यूपीएसची बॅटरी १४,५००. पुढच्या दाराच्या चौकटीला वाळवी, ८,०००. नळ, टाकीचा बॉल व्हॉल्व्ह, किरकोळ, मिळून ११,०००. सात वर्षांची घरपट्टी २१,०००. गळतीवर तीन वेळा केलेली मलमपट्टी, १९,५००. आणि रंग, ६२,०००.

"एवढा रंग?"

दोघांनी पहिल्यांदा एकमेकांकडे बघितलं. गावची महालक्ष्मी यात्रा भरली होती, कित्येक वर्षांनी. बेळगावच्या आसपास राहणाऱ्याला पुढचं सांगायला नको. यात्रेच्या सालात गावात रंग न लावलेली भिंत सापडत नाही. घरटी शे-दोनशे पाहुणा जेवून जातो. ह्यांनी आतून-बाहेरून घर रंगवलं, त्यातले ४०,००० तिनं बायकांच्या बचत संघातून आठवड्याच्या हप्त्यावर उचलले. स्लॅब तेव्हाही गळत होता. ऑगस्टमध्ये हॉलच्या छताचा नवा रंग पोपडे धरून खाली आला. मी यात्रेच्या विरुद्ध नाही, मी स्वतः दोन घरी जेवून आलेय. पण ओल्या स्लॅबखाली रंग मारणं म्हणजे भिजलेल्या पोराला इस्त्रीचे कपडे घालणं.

बेरीज झाली १,४७,०००. सात वर्षं म्हणजे ८४ महिने. भागाकार त्यानंच मोबाइलवर केला आणि बराच वेळ आकड्याकडे बघत राहिला.

"सतराशे पन्नास. महिन्याला. एवढंच?"

एवढंच. शहापुरात ४,५०० देत होते तेव्हा टोचलं नाही, कारण ते दर महिन्याला, ठरलेल्या तारखेला जात होते. हे १,७५० कधी महिनाभर शून्य राहून मग एकदम चौदा हजार होऊन दारात उभे राहायचे, आणि दर वेळी उसनवारी. शिवाय शहापूरचा घरमालक काय करत होता? त्यांच्या भाड्यातूनच तो मोटार, टाकी, गळणारं कौल बघत होता. आयकराचा कायदासुद्धा हे धरून चालतो. भाड्यानं दिलेल्या घराच्या उत्पन्नातून भरलेली घरपट्टी वजा केली की उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, दुरुस्तीची एक पावती न दाखवता. घर म्हटलं की खर्च आहेच, हे सरकारनं गृहीत धरलंय. आपण मात्र वास्तुशांतीच्या पंगतीत विसरतो.

घराच्या किमतीच्या एक टक्का दरसाल बाजूला ठेवा, असा ढोबळ हिशेब हल्ली ऐकायला मिळतो. मला तो आपल्याकडे पटत नाही. आपल्या किमतीत जमिनीचा वाटा मोठा असतो, आणि जमीन गळत नाही. बांधकामाचा आकडा धरा, किंवा त्याहून बरं, ह्या दोघांसारखं आपल्याच घराचं मागचं लिहून काढा.

घरपट्टीच्या ओळीवर थोडं थांबावं लागलं. त्यातली दोन वर्षांची थकली होती. कागद कन्नडमधून आला होता, तो त्याला नीट वाचता येत नव्हता, आणि कुणाकडून वाचून घ्यायची लाज. म्हणून कपाटाच्या खणात. सीमाभागात असे खण घरोघरी आहेत. मुलगी शाळेत कन्नड शिकते. तिनं आमच्यासमोर तो कागद घडाघडा वाचला आणि अर्थ सांगितला. रक्कम बापाच्या भीतीच्या निम्मीही नव्हती. पण दंड चढत होता. महापालिकेच्या घरपट्टीला एप्रिलमध्ये भरलं तर पाच टक्के सूट असते, आणि तारीख उलटली की महिन्याला दोन टक्क्यांनी दंड लागतो. त्या दिवशी लेकीच्या तोंडाकडे बघणारा बाप मला अजून आठवतो. लाज आणि कौतुक एकाच चेहऱ्यावर.

राहिली गळती. तीन वेळा पैसे घालून का थांबली नाही? कारण तिन्ही वेळा जुलैत, पाणी पडत असताना, आतल्या बाजूनं सिमेंट नाहीतर पुट्टी भरली होती. ओल्या स्लॅबला लेप धरत नाही. आणि पाणी आत जिथं ठिबकतं त्याच्या बरोब्बर वरच शिरलेलं असतं असंही नाही. ते स्लॅबमधून वाट काढत दुसरीकडं उतरतं. गच्चीच्या कठड्याचा सांधा, पाणी जाण्याचा पाइप, टाकीचा बुडखा, हे आधी बघायचं असतं. आत मुरलेलं पाणी सळईला गंज चढवतं, गंजलेली सळई फुगते आणि खालचं काँक्रीट ढलप्यानं सुटतं. म्हणजे सुतळीनं आवाज बंद केलेली गळती दिवसेंदिवस महाग होत होती. मी इंजिनिअर नव्हे. एवढं मला माझ्याच गच्चीनं शिकवलं. एका पावसाळ्यात पाइपच्या तोंडावरच्या जाळीत आंब्याची पानं अडकून तळं झालं होतं आणि मी, सगळ्या गावाला शांत राहायला शिकवणारी, नवऱ्यावर तासभर ओरडले होते.

म्हणून त्यांना सांगितलं, ह्या पावसाळ्यात स्लॅबला हात लावू नका. जाळ्या साफ ठेवा, पाणी साचू देऊ नका, बस्स. दिवाळीनंतर दोन गवंड्यांना दाखवा. काम एप्रिलमध्ये, वळवाच्या आधी. काम झाल्यावर गच्चीवर पाणी अडवून एक-दोन दिवस ठेवा आणि खाली बघा, मगच शेवटचे पैसे द्या. दोघा गवंड्यांचे आकडे आले ३८,००० आणि ६१,०००. दुसऱ्यानं कठड्याचा सांधा आणि उतार दोन्ही धरले होते, पहिल्यानं नुसता लेप. ह्यांनी दुसऱ्याला घासाघीस करून ५४,०००वर आणलं.

महिन्याला किती ठेवायचे यावर मात्र चांगलीच वादावादी झाली. पुढची मोठी कामं धरून आकडा २,५०० ठरला. ती म्हणाली, "माझे गृहलक्ष्मीचे दोन हजार येतात की, ते घरालाच लावू." कर्नाटकात ऑगस्ट २०२३ पासून घरातल्या कर्त्या बाईच्या खात्यावर हे पैसे येतात, कधी वेळेवर, कधी दोन महिने थांबून. मी नको म्हटलं. ठरलेला खर्च ठरलेल्या पगारातून जावा. आणि खरं सांगायचं तर, बाईच्या नावानं येणारा पैसा पहिल्यांदा घराच्या भोकात जातो हे मला बघवत नाही. तिला पटलं नाही. शेवटी ५०० तिच्या शिवणकामातून, २,००० त्याच्या पगारातून, पोस्टात पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत. खातं दोघांच्या नावावर. त्यानं पासबुकाच्या कव्हरवर बॉलपेननं लिहिलं, "घराचं भाडं".

म्हातारी हसल्या. "ह्याचा बा कणगीत ठेवायचा, हा पोस्टात ठेवालाय."

पण ठेव लगेच ५४,००० होत नाही. स्लॅबसाठी त्यानं बोनसचे पैसे आणि फौंड्रीच्या सोसायटीतलं थोडं कर्ज घातलं. यंदा गणपतीला रंग नाही असं ठरलं. तिला ते जड गेलं, माहेरची माणसं येतात म्हणून. त्यावर आणखी एक भेट गेली. भांडणं संपली असं मी म्हणणार नाही. गच्चीवर जाळी साफ करायला कुणी चढायचं यावर अजून होतात.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये ती एकटी आली, वेगळ्या कामासाठी, मुलीच्या नववीबद्दल बोलायला. जाताना मी विचारलं, गळती?

"हॉलचं बंद झालं, अक्का. जिन्याच्या खोलीत जरा ओल दिसालीय, खरं गवंडी दसऱ्यानंतर येतो म्हणालाय. चार हजार म्हणाला, ते बाजूला काढलेत." चपला घालता घालता थांबली. "सुतळी ह्यांनी काढून टाकली. खिळा तसाच आहे. त्याला आता आकाशकंदील लावायचा म्हणालेत."