प्रोबायोटिक कॅप्सूलने उतारवयात स्नायू भरतात का?

तुमचा प्रश्न असा की ६८ वर्षांच्या वडिलांच्या मांड्या बारीक होत चालल्यात, खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागतो, तर कुणीतरी सुचवलेली प्रोबायोटिक (म्हणजे जिवंत जिवाणूंची) कॅप्सूल सुरू करावी का. आतड्यातल्या जिवाणूंचा आणि स्नायूंचा संबंध खरा आहे. तरी कॅप्सूलवर पैसे घालवू नका, असंच मी सांगेन.

आपल्याला न पचलेला चोथा (फायबर) मोठ्या आतड्यात गेला की जिवाणू तो आंबवून ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट ही छोटी मेदाम्लं तयार करतात. ब्युटिरेटवर आतड्याचं अस्तर जगतं. चोथा कमी पडला की अस्तर कमकुवत होतं, जिवाणूंच्या कवचाचे अंश रक्तात झिरपतात, अंगात बारीक दाह धुमसत राहतो आणि स्नायूंमधल्या प्रथिनांची झीज वाढते. २०१९ मध्ये जिवाणूविरहित वाढवलेल्या उंदरांचे स्नायू बारीक आढळले आणि त्यांना सामान्य उंदरांचे जिवाणू दिल्यावर ते भरले.

पण हे झालं उंदरांचं. लंडनच्या किंग्ज कॉलेजने साठीपुढच्या जुळ्यांच्या ३६ जोड्यांवर केलेला प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. १२ आठवडे सगळ्यांना प्रथिन-पूरक आणि व्यायाम, शिवाय जोडीतल्या एकाला पावडर, तीही जिवाणूंची नव्हे, जिवाणूंच्या खाद्याची. पावडर घेणाऱ्यांच्या आतड्यात बिफिडोबॅक्टेरियम हे उपयोगी जिवाणू वाढले, स्मरणशक्तीच्या चाचण्याही सुधारल्या, पण खुर्चीतून उठण्याच्या वेळात फरक पडला नाही.

म्हणून पायांवर भार आणि पोटात प्रथिनं हे आधी. भिंतीला टेकवलेली, हात नसलेली खुर्ची घ्या. हात छातीवर बांधून पाच वेळा उठायला-बसायला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर ताकद कमी आहे असं धरा. मग एक दिवसाआड ८ ते १० उठबशांच्या दोन फेऱ्या. बसताना धप्पकन बसू द्यायचं नाही, मनात तीन मोजत खाली यायचं. स्नायूला खरं काम तिथेच पडतं. हाताशिवाय जमत नसेल तर खुर्चीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवा आणि जमू लागलं की उशी काढा. पाय फार पुढे ठेवले की उठायला जड जातं. टाचा थोड्या मागे घ्यायला सांगा.

प्रथिनं किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. आपल्याकडे चहा-पोह्यांच्या नाश्त्यात ती जवळपास नसतातच. तिथे दोन अंडी किंवा मुगाचं धिरडं आणि वाटीभर दही आणा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांनाच विचारा.

आता जिवाणूंचं खाद्य. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम चोथा, अख्ख्या हरभऱ्यात २५, पांढऱ्या तांदळात जेमतेम ३. दोन वेळच्या भातातला एक भाकरीवर न्या आणि रोज एक उसळ ठेवा. घोळ होतो तो घाईने: पहिल्याच आठवड्यात वाटीभर हरभरे, मग गॅस, पोटफुगी आणि सगळंच बंद. पाव वाटी मटकीपासून सुरुवात करा, दर आठवड्याला थोडं वाढवा. कडधान्य रात्रभर भिजवून पाणी फेकलं की वायू करणाऱ्या शर्करा कमी होतात. पाणी कमी प्यायले तर उलट बद्धकोष्ठ होईल. (डाळिंबाबद्दलही वाचाल. त्यातून स्नायूंना उपयोगी युरोलिथिन-ए नावाचं द्रव्य बनतं खरं, पण ते बनवणारे जिवाणू सगळ्यांच्या आतड्यात नसतात.)

प्रयत्न न करता वजन उतरत असेल, किंवा एकाच पायाची ताकद गेली असेल, तर यातलं काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवा. साखर, थायरॉइड, ड जीवनसत्त्व तपासून घ्या. मधुमेहाचं औषध मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ आवर्जून.