भाऊ ट्रेनिंगमधून फोनवर फक्त 'ठीक आहे' म्हणतो. नवीन जवान तिथे खरंच ठीक असतो का?

तुम्ही लिहिलंय की धाकटा भाऊ दोन महिन्यांपूर्वी अग्निवीर म्हणून सेंटरला गेला, रविवारी फोन येतो, काहीही विचारलं तरी 'ठीक आहे' म्हणतो आणि दोन मिनिटांत बोलणं संपतं. तो खरंच ठीक आहे की काही लपवतोय, असा तुमचा प्रश्न.

ताई, दोन्ही असू शकतं. मी स्वतः आठ महिने 'ठीक आहे' म्हणत होतो. त्यातले सुरुवातीचे अडीच महिने ते खरं होतं.

2013 साली मी इन्फंट्रीत रिक्रूट म्हणून गेलो. सेंटर कुठलं ते लिहीत नाही, नोकरीत असलेल्या माणसाने इंटरनेटवर असले तपशील वाटत फिरू नये. एवढंच सांगतो की ते महाराष्ट्राबाहेर होतं आणि आमच्या प्लाटूनमध्ये मराठी बोलणारा मी एकटाच. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला किंवा खडकीला बॉम्बे इंजिनिअर्सकडे गेलेल्या पोराच्या कानावर निदान मराठी शिवी तरी पडते. मला तीही नव्हती. महिनाभरात मी झोपेतसुद्धा हिंदीत बडबडायला लागलो. एका रविवारी आईने फोनवर विचारलं, "झोप होते का रे?" मी ताडकन म्हणालो, "हां, उस्ताद!" पलीकडे आई गप्प. मागून बहिणीचा हसण्याचा आवाज आला आणि मग आईही हसली. (आमच्याकडे शिकवणाऱ्या हवालदाराला उस्ताद म्हणतात. दिवसातून शंभर वेळा तोंडातून तेच जातं.)

'ठीक आहे' म्हणण्याचं पहिलं कारण अगदी साधं आहे. तिथलं जे आहे ते घरच्यांना सांगता येत नाही. एक नमुना देतो. आमच्याकडे शनिवारी बॅरेकचं इन्स्पेक्शन असायचं. चादर अशी ताणलेली हवी की एक सुरकुती दिसता कामा नये, ब्लँकेटची घडी विटेसारखी चौकोनी, पाण्याचा मग, थाळी, बूट सगळं एका रेषेत. ती रेष खरोखर दोरी धरून बघायचे. पहाटे उठून हे सगळं करायला वेळ पुरत नाही, म्हणून शुक्रवारी रात्रीच पलंग लावून टाकायचा आणि आपण त्याच पलंगाशेजारी खाली फरशीवर झोपायचं. आम्हाला त्यात काही वाटायचं नाही, उलट खालीच मस्त झोप लागायची. पण हे आईला कसं सांगणार? तिच्या डोक्यात एकच बसणार, पोराला जमिनीवर झोपवतात. मग त्यापेक्षा 'ठीक आहे' बरं.

लोकांना वाटतं की रगड्यात घर आठवत असेल. रगडा म्हणजे शिक्षा: फ्रंट रोल, क्रॉलिंग, रायफल डोक्यावर धरून ग्राउंडच्या चकरा. एकाची चूक, भोगायची सगळ्या प्लाटूनने. खरं सांगू, त्या वेळी घर, आई, गाव काहीही आठवत नाही. पुढचा श्वास कुठून आणायचा एवढंच डोक्यात असतं. दिवसही असा बांधलेला की विचाराला फट राहत नाही. अंधारात उठा, पीटी, ड्रिल, हत्याराचा क्लास, संध्याकाळी गेम, रात्री रोल कॉल. पाठ टेकली की माणूस मेल्यासारखा झोपतो.

घर आठवतं ते रविवारी दुपारी. वर्दी धुऊन दोरीवर टाकली, बूट पॉलिश झाले, फोन करून झाला आणि अजून तीन तास रिकामे. दोरीशेजारी उकिडवं बसून वर्दी वाळायची वाट बघत असताना मला कळायचं की मी कुठे आहे. त्यात फोन आत्ताच झालेला, त्यामुळे पुढचा आठ दिवसांनी. म्हणून काही पोरं फोन मुद्दाम लवकर आटपतात. जास्त बोललं की ती दुपार जास्त जड जाते. तुमच्या भावाची दोन मिनिटं मला तरी ओळखीची वाटतात.

आता लपवण्याचा भाग.

भरतीसाठी मी दोन वर्षं शेतातल्या बांधावर पळालो होतो. 1600 मीटर साडेपाच मिनिटांच्या आत काढायचो, त्यामुळे पायांचा भलताच गर्व. पण बांधावर बुटाशिवाय पळणं वेगळं आणि रोज बूट घालून कडक ग्राउंडवर टाच आपटत ड्रिल, वर पाठीवर पिट्ठू आणि हातात रायफल घेऊन 5 किलोमीटर पळणं वेगळं. अकराव्या आठवड्यात उजव्या नडगीत दुखायला लागलं. सगळ्यांचंच काही ना काही दुखत असतं, म्हणून सोडून दिलं. पण हे दुखणं वेगळं होतं: एकाच जागी, अंगठ्याने दाबलं की नेमकं तिथेच कळ यायची, आणि पुढे रात्री झोपल्यावरही ठणकायचं. मी गप्प. कारण एमआय रूममध्ये, म्हणजे सेंटरच्या दवाखान्यात गेलो की विश्रांती लिहून देतील, ट्रेनिंगचे दिवस बुडतील, आणि जास्त बुडाले तर रेलिगेट, म्हणजे आपली बॅच सोडून मागच्या बॅचमध्ये. रिक्रूटला रगड्याची भीती नसते, रेलिगेट व्हायची असते. तीन आठवडे मी बुटात जास्तीचा मोजा घालून पळत राहिलो. शेवटी एका सकाळी उस्तादांनीच माझी चाल बघून कॉलर धरून बाहेर काढलं. पहिल्या एक्स-रेत काहीच दिसलं नाही, दोन आठवड्यांनी काढलेल्या दुसऱ्यात बारीक रेघ दिसली. स्ट्रेस फ्रॅक्चर.

हाड एका फटक्यात तुटत नाही यात. रोजच्या माराने त्यात सूक्ष्म चिरा पडतात, शरीर त्या भरत असतं, पण भार अचानक वाढला की भरण्याचा वेग मागे पडतो. लवकर थांबलं तर काही आठवड्यांच्या विश्रांतीत बरं होतं. मी थांबलो नव्हतो. दोन महिने गेले आणि मी रेलिगेट झालो. माझी बॅच पुढे गेली. ज्यांच्याबरोबर फरशीवर झोपलो ती पोरं समोरच्या ग्राउंडवर फायरिंगला निघायची आणि मी नव्या, मिसरूड न फुटलेल्या पोरांबरोबर पुन्हा 'सावधान, विश्राम'.

घरी काय सांगितलं? ठीक आहे.

हे खोटं मी बरेच महिने चालवलं. मग वडिलांनी कसम परेडची तारीख विचारली, तिकिटं काढायची होती. कसम परेड म्हणजे ट्रेनिंग संपल्यावरची शपथ. राष्ट्रध्वजासमोर, आपापल्या धर्मग्रंथावर हात ठेवून, जमीन, पाणी, आकाश जिथे पाठवतील तिथे प्राणांची पर्वा न करता जाईन म्हणायचं. त्या दिवशी आईवडिलांना बोलावतात. गावात सांगूनही झालं होतं. मग मी सगळं सांगून टाकलं: पाय, बॅच, पुढे गेलेली परेड. वडील "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

दहा-बारा दिवसांनी त्यांचं पत्र आलं. माझ्या वडिलांनी आयुष्यात कुणाला पत्र लिहिलेलं मला माहीत नव्हतं. वहीचा फाडलेला कागद. विहिरीची मोटर जळाली होती, भरून आणली. पत्र्याखाली गळतं तिथे डांबर लावलं, तरी थोडं गळतंच. गाय व्यायली, कालवड आहे. बहिणीच्या सायकलची चेन तीनदा पडली, ती मुद्दाम पाडते असं आईचं मत. पाय, परेड, खोटेपणा यांबद्दल एक अक्षर नाही. शेवटी, 'तारीख कळव.' तो कागद मी ट्रंकच्या झाकणाच्या आत चिकटवला होता. इन्स्पेक्शनला उस्तादांनी पाहिला, वाचला आणि ट्रंक बंद करून पुढे गेले. ट्रंकमध्ये काहीही चिकटवायला मनाई होती.

तेव्हा ताई, 'कसा आहेस' विचारू नका, त्याला उत्तर एकच मिळणार. मोटर जळाल्याचं सांगा. शेजारी कुणाचं काय भांडण झालं ते सांगा, तुम्ही कुठे फजिती करून घेतली ते सांगा. आई रडत असेल तर तिला फोनपासून दूर करू नका, पण आधी थोडं रडून घ्यायला सांगा. आणि एक प्रश्न मात्र थेट विचारा: पाय दुखतात का, कुठे, एकाच जागी का, रात्री ठणकतं का? 'हो' म्हणाला तर त्याच आठवड्यात एमआय रूम, असं ठणकावून सांगा. तुमच्या भावाला आमच्यापेक्षा एक ओझं जास्त आहे. अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त 25 टक्के जणच पुढे कायम होतात, हे तो पहिल्या दिवसापासून ऐकत असणार. असा पोरगा दुखणं माझ्यापेक्षा जास्त दिवस लपवेल. रेलिगेट झालेला मी अजून नोकरीत आहे, हे त्याला खुशाल सांगा.

माझी परेड शेवटी झाली. आईवडील आले होते. परेड संपल्यावर वडिलांच्या छातीला जवानाच्या आईवडिलांना देतात ते गौरव पदक लावलं, फोटो झाले, आईने माझ्या बारीक केसांवरून हात फिरवला. मग वडील मला एका झाडाखाली घेऊन गेले, खाली बसले, पँटचा पाय वर करायला लावला आणि नडगीवर अंगठा दाबून विचारलं, "इथं होतं का?"

मी म्हणालो, थोडं खाली.