‘नाईन टू फाईव्ह’ लेकीसोबत पाहावा का?

प्रश्न : ताई, लेक नुकतीच नोकरीला लागलीय. तिच्यासोबत १९८० चा ‘नाईन टू फाईव्ह’ हा इंग्रजी सिनेमा पाहायचाय. आता शिळा वाटेल का?
– एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : जरूर पाहा. टाइपरायटर गेले, आणि ऑफिसातल्या तिघी बायका साहेबाला त्याच्याच घरात डांबून ठेवतात तो भाग जरा लांबतो, हे खरं. पण त्या तिघींतली व्हायोलेट, म्हणजे अभिनेत्री लिली टॉमलिन, बघा. तिच्या हक्काची बढती एका पुरुषाला मिळते आणि साहेब तिलाच कॉफी आणायला पिटाळतो. तिथं माझ्या पोटात अजून कालवतं. लक्ष्मीपुरीतल्या एका पेढीत मी हिशेब लिहायची. पाहुणे आले की चहाला मीच. वही उघडी टाकून उठायचं, परत येऊन बेरीज पहिल्या आकड्यापासून. शेजारच्या टेबलावरच्या पुरुषाला कुणी कधी उठवलं नाही.

साहेब कोंडलेला असताना या तिघी ऑफिसात समान पगार, सोयीच्या वेळा, पाळणाघर आणतात. आपल्याकडे पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सक्ती कायद्यात आली ती २०१७ मध्ये! ते दृश्य आलं की सिनेमा थांबवा आणि लेकीला विचारा, तिच्या ऑफिसात आहे का.